सरकता जिना आणि सोबत लहान पोरं : वाचकांचे प्रश्न

मॉल आता गावोगावी झालेत, रेल्वे स्टेशनांवर सरकते जिने लागलेत, पुण्या-नागपुरात मेट्रो आली आणि मुंबईची भुयारी मेट्रो तर ऑक्टोबर २०२५ मध्ये पार कफ परेडपर्यंत पोचली, त्यामुळे या वेळी आलेल्या पत्रांत आणि मेसेजमध्ये एकच विषय फार दिसला, लहान मुलांना घेऊन एस्केलेटरवर जायचं कसं. मी एस्केलेटरच्या देखभालीच्या कामातच नोकरी केली, म्हणून संपादकांनी सगळे प्रश्न माझ्याकडे पाठवले. काही एकसारखे होते ते एकत्र केलेत.

प्रश्न : नमस्कार काका. माझी नात साडेतीन वर्षांची आहे, मुलगा-सून दोघं नोकरीला त्यामुळे तिला शाळेतून आणणं, बाहेर नेणं माझ्याकडे. स्टेशनवर सरकत्या जिन्यापाशी आलं की माझेच पाय थरथरतात, साडी सांभाळू की पोरीला सांभाळू कळत नाही. सून म्हणते कडेवर घ्या. नक्की काय करू? — एक आजी, डोंबिवली

आजी, पहिली गोष्ट म्हणजे लिफ्ट असेल तर लिफ्टनेच जा, रांग असली तरी उभ्या राहा, आणि लिफ्ट नसेल तर साधा जिना एकेक पायरी करत चढलात तरी काही बिघडत नाही, एक गाडी गेली तर दुसरी येते. तुमचे पाय थरथरतात हे तुम्ही स्वतःच सांगताय ना, मग कडेवर घेण्याचा विचार अजिबात नको. पोरगी कडेवर असली की तुमचा तोल वरच्या बाजूला जातो, पायाखालची पायरी दिसत नाही, आणि पडलात तर दोघी पडणार. तरुण आईबापांनी एक-दीड वर्षाचं मूल कडेवर घ्यायला हरकत नाही पण एका हाताने मूल आणि दुसऱ्या हाताने रेलिंग, त्या दुसऱ्या हातात पिशवी नाही, मोबाईल तर नाहीच नाही.

जायचंच असेल तर कसं ते सांगतो. गर्दीचा लोंढा आधी जाऊ द्या, गाडी आल्या आल्या सगळे धावतात, दोन मिनिटं बाजूला थांबा. पदर कमरेला खोचा, निऱ्या जरा वर घ्या, पोरीच्या फ्रॉकचा पट्टा किंवा ओढणी लोंबत असेल तर बांधा, बुटाची लेस बघा. मग तिचा हात धरा, बोटं नाही धरायची, मनगटाजवळ पक्का धरायचा, कारण बोटं सुटतात. जिना रुंद असेल तर तिला त्याच पायरीवर शेजारी उभं करा, पायरीच्या मधोमध, बाजूच्या पत्र्याला चिकटून नाही. अरुंद असेल तर तुम्ही नेहमी खालच्या बाजूला, म्हणजे वर जाताना ती एक पायरी पुढे आणि तुम्ही मागे, खाली येताना तुम्ही एक पायरी पुढे आणि ती मागे, म्हणजे ती कलंडली तरी तुमच्या अंगावर कलंडेल. तुमचा मोकळा हात रेलिंगवर. तिला रेलिंग धरायला लावायचा हट्ट नको, ते जमिनीपासून साधारण ९० सेंटिमीटर ते १ मीटर १० सेंटिमीटर उंच असतं, साडेतीन वर्षांच्या पोरीला ते धरायला हात खांद्याच्या वर न्यावा लागतो आणि त्या नादात ती कडेला सरकते, आणि कडेलाच तर धोका असतो. शिवाय रेलिंगचा पट्टा पायऱ्यांपेक्षा किंचित जास्त वेगाने सरकू शकतो, मोठ्या माणसाला ते कळतही नाही पण लहान मुलाचा हात हळूहळू पुढे ओढला जातो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, उतरणं. लोक चढताना घाबरतात, तिथे सावध असतात, पण उतरताना लक्ष समोर दुकानाकडे नाहीतर गाडीच्या इंडिकेटरकडे असतं. एस्केलेटर साधारण सेकंदाला अर्धा मीटर जातो आणि एक पायरी साधारण चाळीस सेंटिमीटर खोल, म्हणजे दर सेकंदाला एकाहून जास्त पायरी त्या दातेरी पट्टीखाली जात असते. त्या पट्टीला आम्ही कोंब म्हणतो, कंगव्यासारखे दात असतात तिला, ते पायरीच्या खाचांमध्ये बसतात. लहान मुलं तिथे पाय उचलत नाहीत, घसरत घसरत येतात, कारण त्यांना वाटतं जिना आपल्याला नेऊन सोडणार. म्हणून पायऱ्या सपाट व्हायला लागल्या की तिला आधीच सांगा, आता उचलायचा पाय हं, आणि पाय उचलून पट्टीच्या पलीकडे टाकायचा. उतरल्यावर तिथेच थांबून पर्स आवरू नका, चार पावलं पुढे जा, मागून येणाऱ्यांना थांबता येत नाही, जिना त्यांना ढकलतच असतो.

प्रश्न : आमचं बाळ १४ महिन्यांचं आहे. मॉलमध्ये लिफ्ट अगदी कोपऱ्यात असते आणि तिथे कायम गर्दी, म्हणून मी बाबागाडीची पुढची चाकं उचलून एस्केलेटरवर नेतो, बाळाला बेल्ट लावलेला असतो. बायको रोज भांडते यावरून. मी चुकतोय का? — एक बाबा, ठाणे

हो दादा, ताईंचं बरोबर आहे. बाबागाडी एस्केलेटरवर न्यायचीच नाही, बेल्ट लावून नाही, उचलून नाही, कशीच नाही. गाडीची चाकं गोल, पायरी अरुंद, तुमचे दोन्ही हात गाडीला गुंतलेले म्हणजे रेलिंग धरायला हात नाही, आणि मध्येच जिना थांबला (कोणी बटण दाबलं, लाईट गेली) तर सगळं वजन पुढे जातं. वर पोचल्यावर पुढचं चाक दातेरी पट्टीला अडलं तर तुम्ही मध्येच अडकता आणि मागची माणसं तुमच्यावर येतात. अमेरिकेत १९९० ते २००२ या काळातल्या मुलांच्या एस्केलेटर अपघातांचा अभ्यास झाला होता, तेवढ्या वर्षांत साधारण २६,००० मुलं जखमी होऊन दवाखान्यात गेली, सगळ्यात जास्त पाच वर्षांखालची, आणि त्या छोट्यांमध्ये बाबागाडीतून खाली पडलेली बाळंही होती. निम्म्याच्या आसपास अपघात नुसत्या पडण्याचे होते, काही अडकणं-बिडकणं नाही, साधं पडणं, पण पायऱ्यांच्या कडा धातूच्या आणि धारदार असतात म्हणून लागतं जबर.

लिफ्ट कोपऱ्यात आहे, गर्दी आहे, धडधाकट माणसं एक मजला जायला लिफ्ट अडवतात, हे सगळं मला मान्य आहे आणि त्याचा मलाही राग येतो. तुम्ही मॉलवाल्यांना लेखी कळवा, लिफ्टपाशी बाबागाडी, व्हीलचेअर आणि म्हाताऱ्या माणसांना आधी सोडा अशी पाटी लावा म्हणावं. तोवर दोघं असाल तर एकाने बाळ कडेवर घ्यायचं आणि दुसऱ्याने गाडी घडी घालून साध्या जिन्याने न्यायची.

प्रश्न : माझ्या पाच वर्षांच्या मुलाचा ते मऊ भोकाभोकाचे रबरी क्लॉग असतात ना, त्यातला एक एस्केलेटरच्या कडेला अडकला आणि फाटला. पाय मी ओढून काढला, फक्त खरचटलं, पण तेव्हापासून झोप लागत नाहीये. असं कसं झालं? जिना खराब होता का? — एक आई, नाशिक

ताई, पोरगं सुखरूप आहे हे वाचून बरं वाटलं. जिना खराब असेलच असं नाही, चांगल्या जिन्यावरही हे होतं, म्हणून नीट समजून घ्या.

पायऱ्या चालतात आणि बाजूचा उभा पत्रा जागेवर स्थिर असतो. दोघांच्या मध्ये फट ठेवावीच लागते नाहीतर धातूवर धातू घासेल. युरोपातलं जे मानक जगभर बघितलं जातं त्यात ही फट एका बाजूला जास्तीत जास्त ४ मिलिमीटर आणि दोन्ही बाजूंची मिळून ७ मिलिमीटर. मोठ्या माणसाच्या बुटाला ४ मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. पण मऊ रबराचं तसं नसतं. मूल कडेला उभं राहिलं, क्लॉगची बाजू स्थिर पत्र्याला टेकली, की पायरी पुढे जाते आणि रबर पत्र्याला चिकटून मागे राहायला बघतं, घर्षणाने ते ताणलं जातं, पातळ होतं आणि पातळ झालं की फटीत शिरतं. एकदा थोडं आत गेलं की पुढचं पायरीच ओढून घेते. चामड्याचा बूट किंवा जाड सोलचे स्पोर्ट शूज असे दबत नाहीत, घसरून सुटतात. क्लॉग सैल असतो, त्यात पाय पुढे सरकलेला असतो, मुलांचा पायही छोटा, म्हणजे बोटं नेमकी जिथे रबर आत जातंय तिथेच. आणि खेचलं जाताना दुखत नाही, नुसतं ओढल्यासारखं वाटतं, त्यामुळे मूल ओरडतं तेव्हा उशीर झालेला असतो.

बाजूच्या पत्र्यामागे स्विच असतात, पत्र्यावर जोर आला की जिना थांबतो, पण मऊ वस्तूने तेवढा जोर येईलच असं नाही, म्हणून स्विच आहे तर काळजी नाही असं धरून चालू नका. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने मे २००८ मध्ये याच मऊ चपलांबद्दल पालकांना जाहीर इशारा दिला होता, जानेवारी २००६ पासून त्यांच्याकडे मऊ चपला-बूट अडकल्याच्या ७७ घटना आल्या होत्या, त्यात जवळपास निम्म्या वेळा इजा झालेली, आणि दोन सोडून बाकी सगळ्या असल्याच मऊ क्लॉग आणि स्लाइड चपलांच्या. जपानमध्येही त्याच सुमाराला असे प्रकार झाले. म्हणजे ही जुनी माहिती आहे, पण आपल्याकडे दुकानात चप्पल विकताना कोणी सांगत नाही आणि जिन्यापाशी पाटी असली तरी ती वाचायला कोणी थांबत नाही.

मग क्लॉग फेकून द्यायचे का? नाही, घरात, बागेत, पावसात घालू दे. एस्केलेटरवर जायचंय तेव्हा पायात बंद बूट, मागे पट्टा असलेली घट्ट सँडल, आणि अचानक जावं लागलंच तर लिफ्ट नाहीतर कडेवर. अनवाणी तर कधीच नाही, पाय दुखतात म्हणून चप्पल हातात घेतलेली पोरं मी बघितलीत.

अजून एक. बाजूला पत्र्याला लागून काळे ब्रश दिसतात बघा, मुलं त्यावर बूट घासून पॉलिश करतात आणि आईवडील हसतात. ते ब्रश बूट पुसायला नाहीत, तुमचा पाय कडेला आलाय हे पायाला कळावं आणि तो मागे घ्यावा म्हणून लावलेत. ब्रशला पाय लागला म्हणजे जागा चुकली. मुलाला हे असंच सांगा, चार-पाच वर्षांच्या पोरांना पटतं, पायरीवरच्या पिवळ्या रेघांच्या आत उभं राहायचं हा त्यांना खेळ वाटतो. आणि परत असं झालं तर ओढू नका, त्याबद्दल पुढच्या प्रश्नात लिहितो.

प्रश्न : अडकलंच काही तर नक्की काय करायचं? ते लाल बटण आम्ही दाबलं तर दंड होतो का? — कोल्हापूर, जळगाव, पनवेल इथून

दंड कसला, ते बटण त्याचसाठी आहे. वर आणि खाली दोन्ही टोकांना, रेलिंग जिथे वळतं तिथे जवळपास लाल बटण असतं, जिना लांब असेल तर मध्येही असतं. चढायच्या आधी ते कुठे आहे ते बघून ठेवायची सवय लावा. पोराचा पाय, बोट, कपडा अडकला तर ओरडा, बटण, बटण, टोकाशी उभा असलेला माणूस दाबेल. दाबायच्या आधी शक्य असेल तर जोरात सांगा, रेलिंग धरा, कारण जिना जागच्या जागी थांबत नाही, नेहमीच्या वेगाला तो २० सेंटिमीटर ते १ मीटरमध्ये थांबतो, उभे असलेले लोक तोल जाऊन पडू शकतात. पण मूल अडकलेलं असेल आणि सांगायला वेळ नसेल तर सरळ दाबा.

जिना थांबल्यावर मुलाला घट्ट धरा, त्याला बसू द्या, पाय ओढू नका. कपडा असेल तर कापा, चप्पल असेल तर पाय तिच्यातून अलगद निघतोय का बघा, नाहीच निघत तर चप्पलही कापा. बोट खरंच आत असेल तर जिना उलटा फिरवा म्हणून कोणी सांगेल, ते आपण किंवा तिथल्या सिक्युरिटीने करायचं नाही, मेकॅनिक येऊन पायरी किंवा कोंब काढतो, तोच सुरक्षित रस्ता. लगेच १०८ ला फोन. रक्त येत असेल तर स्वच्छ रुमाल दाबून धरा आणि तो भाग वर उचलून ठेवा, हळद, कॉफी, पेस्ट काही लावू नका. बोटाचा तुकडा पडलाच असेल, लिहायलाही जड जातं, तर तो स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत आणि ती पिशवी बर्फात, बर्फ थेट लागू द्यायचा नाही, आणि मुलाबरोबरच तो दवाखान्यात न्यायचा. साधं खरचटलं असेल तरी धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय ते डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : मुलं ८ आणि १० वर्षांची, दोघांना आवरणं कठीण. उलट्या दिशेने पळतात, रेलिंगवर पोटावर झोपतात. रागावलं की आणखी करतात. — एक त्रासलेली आई, छत्रपती संभाजीनगर

ताई, उलटं पळण्यात पडलं तर दात आणि हनुवटी जाते, ते वाईटच, पण रेलिंगवर झोपणं त्याहून कितीतरी जास्त धोक्याचं. मॉलमध्ये एस्केलेटरच्या बाहेरच्या बाजूला बहुतेक वेळा मोकळी पोकळी असते, दोन-तीन मजले खाली थेट फरशी. पोटावर झोपलेलं मूल पट्ट्याबरोबर वर उचललं जातं आणि तोल बाहेरच्या बाजूला गेला तर धरायला काही नसतं. शिवाय वर छत किंवा दुसरा जिना जवळ येतो तिथे बाहेर काढलेलं डोकं, हात चेंगरतो, तिथे जी त्रिकोणी काच किंवा पाटी टांगलेली असते ती त्यासाठीच. या एका गोष्टीवर चर्चा नाही, रेलिंगवर चढलास तर आज मॉल बंद, आणि खरंच परत फिरायचं, अर्धी खरेदी राहिली तरी. आठ-दहा वर्षांच्या पोरांना मशिन कसं चालतं हे दाखवलं तर तीच दुसऱ्यांना सांगायला लागतात, मोटार, साखळी, पायरी खालून उलटी फिरून परत येते, हे सगळं. त्यांना बटण शोधायचं काम द्या, धाकट्याला धरायचं काम मात्र देऊ नका, ते मोठ्यांचं.

प्रश्न : आमच्याकडच्या एका दुकानातल्या एस्केलेटरच्या दातेरी पट्टीचे दोन दात तुटलेत, वरची लोखंडी पट्टी पाय ठेवला की हलते. मॅनेजर म्हणतो चालतंय. तक्रार कुठे करायची? बंद पडलेल्या एस्केलेटरवरून मुलांना चालत नेलं तर चालतं का? — सोलापूर

चालत नाही. तुटलेला दात म्हणजे बरोबर लहान बोट शिरेल एवढी जागा. आणि हलणाऱ्या पट्टीबद्दल तर मी हात जोडून सांगतो, त्यावर पाय ठेवू नका. चीनमध्ये हुपेई प्रांतात जुलै २०१५ मध्ये एका दुकानात वरच्या टोकाची अशीच पट्टी नीट बसवलेली नव्हती, ती पायाखालून निसटली, आईने कडेवरच्या पोराला समोरच्या कर्मचाऱ्यांकडे ढकललं, पोर वाचलं आणि ती स्वतः आत ओढली जाऊन गेली. पट्टी हलतेय हे दुकानातल्या लोकांनी काही मिनिटं आधी पाहिलं होतं, जिना बंद केला नव्हता. आपल्याकडे डिसेंबर १९९९ मध्ये दिल्ली विमानतळावर एका लहान मुलीचा जीव एस्केलेटरवरच गेला. जिना बंद करायला एक बटण पुरतं, म्हणून चालतंय हे उत्तर मला मान्य नाही.

महाराष्ट्रात पूर्वी १९३९ चा कायदा फक्त लिफ्टपुरता होता, आता २०१७ च्या अधिनियमात सरकते जिने आणि सरकते मार्गही आलेत. तक्रार विद्युत निरीक्षक कार्यालयाकडे लेखी द्या, फोटो जोडा, तारीख-वेळ लिहा, एक प्रत मॅनेजरला सही घेऊन द्या, बहुतेक वेळा ती सही मागितली की काम सुरू होतं. रेल्वे स्टेशन असेल तर स्टेशन मास्तर किंवा १३९, मेट्रोत स्टेशन कंट्रोलर.

बंद एस्केलेटर म्हणजे साधा जिना नाही. पायऱ्या आपल्या घरच्या जिन्यापेक्षा बऱ्याच उंच, २० सेंटिमीटर किंवा जास्तच, आणि दोन्ही टोकांना उंची कमी होत जाते, सगळ्या सारख्या नसतात, म्हणून पाय अंदाज चुकतो. दुरुस्ती चालू असेल तर मध्ये पायरीच काढलेली असू शकते. अडथळा लावलेला असेल तर ओलांडू नका, दुसरा रस्ता असताना छोट्यांना त्यावरून नेऊ नका.

प्रश्न : आम्ही नागोयाला राहतो. इथे एस्केलेटरवर उभंच राहायचं असा नियम आलाय, पण भारतात आलं की सासरची मंडळी मुलीला भराभर चढायला सांगतात. — नागोया, जपान

तुमच्या शहरात ऑक्टोबर २०२३ पासून आणि सैतामा प्रांतात ऑक्टोबर २०२१ पासून तसा नियम आहे, आणि मला तो आवडतो. आपल्याकडे नियम नसला तरी मुलीने उभंच राहावं, बाजूने पळणाऱ्यांचा धक्का तिलाच लागतो. सासरच्यांना सांगा, तिथे शाळेत असंच शिकवलंय आणि तिची सवय मोडायची नाही, एवढं बोललं तर कोणाला वाईट वाटणार नाही.

प्रश्न : मुलगा चार वर्षांचा, एस्केलेटर बघितला की किंचाळतो, लोक बघतात, मला लाज वाटते. ओढून नेऊ का? — पिंपरी

ओढू नका. रडणारं मूल मध्येच मागे वळतं, बसतं, हात सोडवतं, आणि तेच नको. लोकांकडे लक्ष देऊ नका. सकाळी दुकानं उघडतात तेव्हा गर्दी नसते तेव्हा नेऊन लांबून नुसता बघू द्या, लोक कसे चढतात, पाय कुठे ठेवतात, कुठे उचलतात. वर जाणाऱ्या जिन्यापासून सुरुवात करा, खाली जाणारा जास्त भीतीचा असतो कारण समोर सगळी खोली दिसते. भुयारी स्टेशनं नंतर, पुण्याचं जिल्हा न्यायालय (आधीचं सिव्हिल कोर्ट) स्टेशन जवळपास ३३ मीटर खोल आहे, तिथले लांब जिने पहिल्या दिवशी नकोत. तो नको म्हणाला तर त्या दिवशी लिफ्टने जा, पुढच्या महिन्यात परत बघा.